स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (पूर्वाश्रमीचे नाव : जगन्नाथ गणेश गुणे, जन्म : ३० ऑगस्ट १८८३, डभोई, गुजरात, मृत्यू : १८ एप्रिल १९६६) हे योगाच्या वैज्ञानिक संशोधनाचा पाया घालणारे योगाभ्यासक, शिक्षक आणि लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते. योगक्रियांचे शरीरावर नेमके कोणते परिणाम होतात, हे क्ष-किरण आणि दाबमापक यांसारख्या साधनांच्या आधारे तपासणाऱ्या पहिल्या भारतीय संशोधकांत त्यांची गणना होते. इ.स. १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू केले. योगशिक्षक आणि योगोपचारक यांना अभ्यासक्रमाच्या आधारे तयार करण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिचे प्रवर्तक म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते.

बालपण आणि शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म बडोद्याजवळील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक होते. आईचे नाव सरस्वती. घरची स्थिती हलाखीची होती आणि कुटुंबाला काही प्रमाणात इतरांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागे. अशा परिस्थितीत शिक्षण पुरे करणे जगन्नाथांना सोपे नव्हते. शाळेत संस्कृत हा त्यांचा आवडता विषय होता. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली आणि तिच्या बळावर त्यांना बडोदा महाविद्यालयात प्रवेश घेता आला. पुढे १९१० मध्ये ते पदवीधर झाले.

त्या काळी बडोदा हे राष्ट्रीय विचारांचे एक केंद्र होते. अरविंद घोष १९०६ पर्यंत बडोदा महाविद्यालयात अध्यापन करीत होते. त्यांच्या व्यक्तित्वाचा आणि लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा तरुण जगन्नाथांवर खोल परिणाम झाला. देशसेवेसाठी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय त्यांनी याच सुमारास केला. देशातील बहुसंख्य लोक निरक्षर, दुर्बल आणि आजारी असताना नुसत्या राजकीय जागृतीने भागणार नाही; लोकशिक्षण आणि शरीरस्वास्थ्य यांचा विचार सोबतच व्हायला हवा, ही त्यांची धारणा याच काळात पक्की झाली. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ या धारणेत आहे.

माणिकरावांच्या व्यायामशाळेत

१९०७ ते १९१० या काळात जगन्नाथांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. माणिकराव हे मल्लविद्या आणि शस्त्रविद्या यांचे नामांकित आचार्य होते. मोठ्या समूहाला एकाच वेळी, देशी भाषेतील आज्ञांवर व्यायाम शिकवता येतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. एका गुरूने एकाच शिष्याला शिकवण्याची जुनी रीत आणि शंभर मुलांच्या वर्गाला शिकवण्याची नवी गरज यांची सांगड कशी घालावी, याचा वस्तुपाठ जगन्नाथांना येथे मिळाला. आखाड्यातल्या शिस्तीचा हा संस्कार त्यांच्यावर अखेरपर्यंत राहिला आणि भारतीय शारीरिक शिक्षणाचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला.

अमळनेर येथील अध्यापन

शिक्षण संपल्यावर जगन्नाथ गुणे यांनी अध्यापनाचा मार्ग स्वीकारला. १९१६ ते १९२३ या काळात ते खानदेशातील अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थांत शिकवत होते. शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे शिक्षण देणे हा त्यांच्या कामाचा मुख्य भाग होता. पुढे तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. असहकाराच्या चळवळीमुळे देशभर राष्ट्रीय शिक्षणाला भरती आली असतानाचा हा काळ होता. महाविद्यालयातील राष्ट्रीय वातावरण इंग्रज सरकारला मानवणारे नव्हते आणि १९२३ साली ते महाविद्यालय बंद पडले.

या घटनेने चाळिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गुणे यांचे नियत कार्यक्षेत्रच नाहीसे झाले. तथापि त्यापूर्वी काही वर्षे त्यांच्या आयुष्यात दुसरा एक प्रवाह येऊन मिळाला होता आणि पुढील वाट त्यानेच दाखवली.

परमहंस माधवदास यांचा सहवास

१९१९ मध्ये गुणे यांची परमहंस माधवदास यांच्याशी भेट झाली. माधवदास हे मूळचे बंगालचे. दीर्घ भ्रमंतीनंतर ते बडोद्याच्या परिसरात नर्मदेच्या काठी मालसर येथे स्थायिक झाले होते. हठयोगाच्या क्रियांवर त्यांचे विलक्षण प्रभुत्व होते. योगविद्या केवळ संन्याशांपुरती मर्यादित न ठेवता ती गृहस्थांपर्यंत आणि विशेषतः रुग्णांपर्यंत पोहोचावी, असा त्यांचा दृष्टिकोन होता. १९१८ मध्ये मुंबईत वर्सोवा येथे योग इन्स्टिट्यूटची स्थापना करणारे श्री योगेंद्र (मणिभाई देसाई) हेही माधवदासांचेच शिष्य. विसाव्या शतकातील योगप्रसाराच्या दोन महत्त्वाच्या संस्था अशा प्रकारे एकाच गुरूच्या शिष्यांनी उभारल्या.

गुणे श्रद्धावान होते, परंतु त्यांची बुद्धी चिकित्सक होती. गुरूंनी शिकवलेल्या क्रियांचा प्रत्यय त्यांना स्वतःच्या शरीरावर येत होता. तो प्रत्यय इतरांना केवळ शब्दप्रामाण्याने पटवावा, हे मात्र त्यांना मान्य नव्हते. क्रिया करताना शरीराच्या आत काय घडते, हे जाणून घेण्याची ओढ त्यांना लागली. माधवदासांचे १९२१ मध्ये निधन झाले.

बडोद्यातील पहिले प्रयोग

१९२०-२१ मध्ये गुणे यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या मदतीने बडोद्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत उड्डियान बंध आणि नौली या दोन क्रियांची तपासणी केली. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर सोडून, नवा श्वास आत न घेता, छातीचा पिंजरा फुलवला जातो. त्यामुळे मध्यपटल वर उचलले जाते आणि पोट खोल आत जाते. नौलीत पोटाचे मधले उभे स्नायू वेगळे काढून त्यांना गती दिली जाते. क्ष-किरणांच्या साहाय्याने या क्रियांच्या वेळी पोटातील अवयवांची स्थिती कशी बदलते, हे पाहण्यात आले.

यानंतरचा शोध अधिक महत्त्वाचा होता. हठयोगात बस्ती नावाची एक शुद्धिक्रिया सांगितली आहे. तिच्यात कोणतेही यांत्रिक साधन न वापरता गुदमार्गाने पाणी मोठ्या आतड्यात ओढून घेतले जाते. हे पाणी वर कसे चढते, याविषयी अनेक तर्क प्रचलित होते. गुणे यांनी दाबमापक जोडून असे दाखवले की नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. या दाबातील फरकामुळेच पाणी आत शिरते. आतड्यात निर्माण होणाऱ्या या आंशिक निर्वातास त्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. गूढ समजल्या जाणाऱ्या एका क्रियेचे साध्या भौतिक नियमाने स्पष्टीकरण मिळाले, आणि तसे मिळाल्याने तिचे महत्त्व उणावले नाही. या अनुभवाने गुणे यांना आपल्या आयुष्याचे कार्य सापडले, असे म्हणता येते.

कैवल्यधामाची स्थापना

ऑक्टोबर १९२४ मध्ये पुणे जिल्ह्यातील लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना झाली. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले होते. कुवलय म्हणजे निळे कमळ. लोणावळ्याची हवा थंड व निरोगी, आणि मुंबई व पुणे या दोन्ही शहरांना जोडणारा लोहमार्ग गावातूनच गेलेला. त्यामुळे अभ्यासक, रुग्ण आणि देणगीदार या सर्वांना तेथे येणे सोयीचे होते.

संस्थेच्या स्थापनेच्या वेळी स्वामीजींचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या पाठीशी वडिलोपार्जित धन नव्हते आणि योगाचे संशोधन ही कल्पनाच त्या काळी अनेकांना विसंगत वाटत असे. परंपरेतील काही मंडळींना योगाला प्रयोगशाळेत नेणे रुचत नव्हते, तर आधुनिक शिक्षण घेतलेल्यांना योग म्हणजे बैरागी आणि जादूगार यांचा खेळ वाटत होता. या दोन्ही बाजूंचे समाधान करण्याचे एकच साधन स्वामीजींना दिसत होते, ते म्हणजे पुरावा.

योगमीमांसा आणि संशोधनाची रीत

संस्थेबरोबरच १९२४ मध्ये ‘योगमीमांसा’ या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. त्यात एकीकडे प्रयोगांची तपशीलवार माहिती, मोजमापे आणि क्ष-किरण चित्रे असत. दुसरीकडे सामान्य वाचकासाठी आसने व क्रिया यांची सचित्र वर्णने दिली जात. शास्त्रीय मजकूर आणि लोकोपयोगी मजकूर यांची विभागणी स्पष्ट ठेवलेली असल्याने कोणती गोष्ट सिद्ध झाली आहे आणि कोणती परंपरेने चालत आली आहे, हे वाचकाला कळू शकत असे. सर्वांगासन, मत्स्यासन यांसारख्या आसनांत रक्तदाबावर होणारा परिणाम, प्राणायामातील श्वसनाचे स्वरूप अशा विषयांवरील प्रयोग या नियतकालिकातून प्रसिद्ध झाले.

स्वामीजींच्या चिकित्सक वृत्तीचे उत्तम उदाहरण प्राणायामाच्या संदर्भात आढळते. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि हाच त्याचा मुख्य लाभ, असे स्पष्टीकरण त्या काळी लोकप्रिय होते. आजही ते ऐकू येते. प्राणायामाच्या प्रचाराला हे स्पष्टीकरण सोयीचे असूनही स्वामीजींनी ते स्वीकारले नाही. मोजमापांच्या आधारे त्यांनी प्रतिपादन केले की प्राणायामाचे मूल्य प्राणवायूच्या वाढीव पुरवठ्यात शोधणे योग्य नाही. त्याचे महत्त्व मज्जासंस्था आणि श्वासावरील नियंत्रण यांच्याशी निगडित आहे. जे आपल्या मताला अनुकूल असेल तेवढेच घ्यायचे नाही, हा दंडक त्यांनी स्वतःला लावून घेतला होता.

या कामाची दखल परदेशातही घेतली गेली. येल विद्यापीठात मानसशास्त्राचे संशोधन करणारे, मूळचे केरळचे कोवूर बेहानन हे १९३०च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यास येऊन राहिले आणि त्यांनी स्वामीजींच्या मार्गदर्शनाखाली योगाभ्यास केला. परत गेल्यावर त्यांनी स्वतःवर प्राणायामाचे प्रयोग केले आणि १९३७ मध्ये योगाच्या वैज्ञानिक मूल्यमापनावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला.

योगोपचार

लोणावळ्यात अभ्यासकांइतकेच रुग्णही येऊ लागले. १९२७ मध्ये महात्मा गांधींची प्रकृती उच्च रक्तदाबामुळे ढासळली, तेव्हा त्यांनी स्वामीजींचा सल्ला घेतला. आसने आणि विश्रांती यांविषयी दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला.

मुंबईतील रुग्णांच्या सोयीसाठी १९३२ मध्ये सांताक्रूझ येथे कैवल्यधामाची शाखा सुरू झाली. १९३६ मध्ये ती मरीन ड्राइव्ह येथे हलवण्यात आली आणि ईश्वरदास चुनिलाल योगिक आरोग्य केंद्र या नावाने प्रसिद्धीस आली. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या शहरी माणसाने घरसंसार न सोडता, रोज ठरावीक वेळी येऊन योग शिकावा, ही कल्पना या केंद्राने मुंबईत रुजवली. पुढे सौराष्ट्रात राजकोट येथेही शाखा निघाली. स्वामीजींच्या अखेरच्या वर्षांत, १९६०च्या दशकाच्या आरंभी, लोणावळ्यात श्रीमती अमोलक देवी तीरथराम गुप्ता योगिक रुग्णालय उभे राहिले. जुनाट विकारांवर योगाच्या साहाय्याने उपचार करणे हे त्याचे उद्दिष्ट होते.

योगोपचाराच्या बाबतीत स्वामीजींची भूमिका संयत होती. आसने सावकाश, ताण न देता आणि आपल्या शक्तीच्या मर्यादेत करावीत. स्नायूंच्या व्यायामातील जोर आणि चढाओढ आसनांत आणू नये. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी विशिष्ट क्रिया टाळाव्यात, यावर त्यांचा भर होता. रुग्णाची वैद्यकीय तपासणी हा उपचाराचा आवश्यक भाग मानला जाई.

शाळांतील योग

योग हा काही मोजक्या साधकांचा विषय राहू नये, या विचाराने स्वामीजींनी शालेय शिक्षणाकडे विशेष लक्ष दिले. १९३०च्या दशकात त्यांनी शिक्षकांचे मोठे गट प्रशिक्षित केले. मुंबई प्रांतातील शारीरिक शिक्षणविषयक कामातही त्यांचा सहभाग होता. महागडी साधने, मैदाने किंवा विशिष्ट पोशाख यांची गरज नसल्याने गरीब शाळेलाही योगाचे शिक्षण परवडू शकते, हे त्यामागचे व्यावहारिक सूत्र होते.

१९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘यौगिक संघ व्यायाम’ या पुस्तकात आसने आणि इतर क्रिया यांची विभागणी आज्ञाबद्ध टप्प्यांत करून त्या समूहाला कशा शिकवाव्यात, याचे मार्गदर्शन आहे. माणिकरावांच्या व्यायामशाळेत मिळालेला धडा येथे योगाला लागू झालेला दिसतो. आज शाळेच्या पटांगणावर एका आज्ञेसरशी शेकडो मुले आसने करतात, त्या दृश्याच्या पूर्वेतिहासात या पुस्तकाला स्थान आहे.

योगशिक्षकाच्या व्यवसायाची घडण

स्वामी कुवलयानंद यांच्यापूर्वी योगाचे अध्यापन हा व्यवसाय म्हणून अस्तित्वात नव्हता, असे म्हटल्यास ते फारसे चूक ठरणार नाही. योग शिकण्यासाठी गुरू शोधावा लागे, आणि शिकवण्याचा अधिकार गुरूच्या इच्छेवर अवलंबून असे. या विद्येच्या आधारे एखाद्या तरुणाने प्रामाणिकपणे उपजीविका करावी, अशी सामाजिक व्यवस्था नव्हती.

१९५०च्या सुमारास लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया योग व सांस्कृतिक समन्वय महाविद्यालय सुरू झाले. तरुणांना बौद्धिक आणि आध्यात्मिक दृष्ट्या सेवाकार्यासाठी तयार करणे हा त्याचा हेतू होता. येथील शिक्षणात आसन-प्राणायामाच्या सरावाबरोबर पातंजल योगसूत्रे व हठयोगाचे ग्रंथ, तसेच शरीररचना आणि शरीरक्रिया यांचा अभ्यास समाविष्ट करण्यात आला. योगशिक्षकाला ग्रंथ कळले पाहिजेत आणि समोर बसलेल्या माणसाचे शरीरही कळले पाहिजे, अशी ही दुहेरी अपेक्षा होती.

या व्यवस्थेमुळे योगशिक्षकाचे स्थान बदलले. चमत्काराचा दावा न करता, आपण काय शिकवतो आणि ते का शिकवतो, हे कारणांसह सांगू शकणारा शिक्षक तयार होऊ लागला. घरात योगपरंपरा नसलेल्या, सामान्य परिस्थितीतून आलेल्या मुलामुलींनाही या क्षेत्रात पाऊल टाकता आले. ज्ञान परीक्षेने पारखलेले असल्याने त्यांच्या आत्मविश्वासाला आधार होता, आणि सेवेचे उद्दिष्ट समोर ठेवलेले असल्याने त्यांच्या कामाला दिशा होती. शिष्यवृत्तीच्या बळावर शिकलेल्या आणि महाविद्यालय बंद पडल्याने कार्यक्षेत्र गमावलेल्या एका शिक्षकाने इतरांसाठी ही वाट तयार केली, ही बाब लक्षणीय आहे.

ग्रंथकार्य

‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ हे स्वामीजींचे ग्रंथ १९३०च्या दशकात प्रथम इंग्रजीतून प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. ‘आसने’ या ग्रंथात ध्यानासाठीची आसने आणि शरीरसंवर्धनासाठीची आसने असा भेद केलेला आहे. प्रत्येक आसनाची कृती, कालमर्यादा आणि घ्यावयाची काळजी यांचे त्यात विवेचन आढळते. १९६३ मध्ये डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह लिहिलेला योगोपचारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राचीन ग्रंथांच्या चिकित्सक संपादनाकडेही स्वामीजींचे लक्ष होते. ‘गोरक्षशतक’ या हठयोगाच्या ग्रंथाचे संपादन त्यांनी सहकाऱ्यासह केले. त्यांच्या निधनानंतर कैवल्यधामाने हे काम पुढे चालवले. १९७० मध्ये स्वामी दिगंबरजी आणि पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादित केलेली ‘हठप्रदीपिका’ प्रकाशित झाली.

निधन आणि वारसा

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद यांचे निधन झाले. त्यांच्यामागे संस्थेची धुरा स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली. डॉ. म. ल. घरोटे, डॉ. म. वि. भोळे यांसारख्या अभ्यासकांनी संशोधनाची परंपरा चालू ठेवली. कैवल्यधाम, तेथील महाविद्यालय आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक आजही कार्यरत आहे. ३० ऑगस्ट २०१९ रोजी भारतीय टपाल खात्याने आयुष क्षेत्रातील थोर उपचारकांवर काढलेल्या तिकिटांच्या मालिकेत स्वामी कुवलयानंद यांचाही समावेश होता. तो दिवस त्यांच्या जन्मदिनाचाच होता.

मूल्यमापन

आजच्या वैद्यकीय संशोधनाच्या निकषांवर पाहता स्वामीजींच्या प्रारंभीच्या प्रयोगांना मर्यादा होत्या. प्रयोगात भाग घेणाऱ्यांची संख्या थोडी असे आणि तुलनेसाठी स्वतंत्र गट नेमण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. काही आसनांच्या उपयोगाविषयी त्यांनी केलेली अनुमाने पुढील काळात जशीच्या तशी टिकली नाहीत. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जोसेफ आल्टर यांनी आधुनिक योगाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात स्वामीजींच्या कार्याची सविस्तर चर्चा केली आहे. अध्यात्माचे ध्येय आणि विज्ञानाची भाषा यांची सांगड घालताना निर्माण होणाऱ्या अडचणींकडेही त्यांनी लक्ष वेधले आहे. समाधीसारखी अवस्था दाबमापकाने मोजता येत नाही, आणि जे मोजता येते तेवढाच योग नव्हे, हा प्रश्न स्वामीजींच्या काळी होता तसा आजही शिल्लक आहे.

या मर्यादा मान्य करूनही त्यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. योगाविषयी कोणताही दावा करणाऱ्याने तो तपासणीसाठी खुला ठेवला पाहिजे, हा नियम त्यांनी प्रथम स्वतःला लावला. योगवर्ग, आरोग्यकेंद्रे आणि प्रशिक्षणसंस्था यांची संख्या वाढत असताना, आणि बऱ्या न होणाऱ्या रोगांवरही हमखास गुण येण्याच्या जाहिराती होत असताना, या नियमाची गरज अधिकच जाणवते. योगशिक्षणाकडे उपजीविकेचे साधन म्हणून वळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने स्वामी कुवलयानंद यांचे चरित्र म्हणूनच केवळ ऐतिहासिक महत्त्वाचे उरत नाही.